बर्फाखालची ऊब

लोहाराच्या भट्टीपुढे आपण कधी ना कधी उभे राहिला असालच. नांगराचा फाळ भट्टीतून काढला की तो प्रथम पिवळाधमक दिसतो. ऐरणीवर घाव बसता बसता केशरी होतो, मग लाल, मग गडद लाल, आणि शेवटी अगदी काळा पडतो. आता काळा पडला म्हणून कुणी त्याला हात लावील काय? लहान पोरसुद्धा लावणार नाही. हात नुसता जवळ नेला तरी तळव्याला धग लागते. म्हणजे त्या फाळातून काहीतरी अजून बाहेर येतेच आहे. ते डोळ्याला दिसत नाही, कातडीला मात्र कळते.

या न दिसणाऱ्या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. इंग्रजी नाव इन्फ्रारेड. तांबड्या रंगाच्या पलीकडचे, एवढाच त्याचा अर्थ. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की हे किरण फक्त तापलेल्या लोखंडातूनच निघतात असे नाही. गोठ्यातली गाय, उन्हात तापलेली भिंत, विहिरीचे पाणी, आपण स्वतः, सगळ्यांतून ते निघतात. बर्फातूनसुद्धा निघतात, बरं का! वस्तू जितकी थंड तितके हे किरण क्षीण, आणि तितक्या त्यांच्या लहरी लांब. लहरींची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वितळलेल्या लाव्हाचे किरण दोन मायक्रॉनांच्या आसपास सर्वांत जोरदार असतात, आपल्या शरीराचे नऊ-दहाच्या आसपास, आणि शून्याखाली १९३ अंश इतक्या थंड बर्फाचे छत्तीसच्या आसपास. म्हणून ज्याला जे पाहायचे असेल त्याने त्या त्या लहरींचा डोळा तयार करावा लागतो.

असाच एक डोळा माणसाने शनी ग्रहापर्यंत, म्हणजे सुमारे १४० कोटी किलोमीटर अंतरावर नेला, आणि तिथल्या एका बर्फाच्या चंद्राच्या पोटातली ऊब मोजली. ती हकीकत आज सांगावयाची आहे. पण तिची सुरुवात शनीपाशी होत नाही, ती होते इंग्लंडातील एका वाद्यवादकापाशी.

विल्यम हर्शेल हे मूळचे जर्मनीतील हॅनोव्हरचे. पेशाने संगीतकार, आकाशाचा नाद पुढे लागला. १७८१ मध्ये त्यांनी युरेनस ग्रह शोधला आणि मग ते पूर्णवेळ ज्योतिर्विद झाले. १८०० साली ते सूर्याकडे रंगीत काचांतून पाहत असताना त्यांच्या लक्षात आले की काही काचांतून उजेड कमी येतो पण चटका जास्त बसतो. हे कसे? त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याचा रंगीत पट्टा टेबलावर घेतला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. जांभळ्यापेक्षा हिरव्यात, हिरव्यापेक्षा तांबड्यात पारा अधिक चढला. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ठेवला. तिथे पारा सर्वांत वर गेला!

शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. एक काचेचा लोलक, चार तापमापक आणि एक पुठ्ठ्याचे खोके एवढे पुरे. तापमापकांच्या फुग्यांना दिव्याची काजळी लावावी, म्हणजे ते उष्णता नीट शोषतील. खोक्याच्या सावलीत रंगांचा पट्टा पाडावा, तीन तापमापक रंगांत आणि एक तांबड्याच्या जरा बाहेर ठेवावा. फरक थोड्या अंशांचाच पडतो, तेव्हा घाई करू नये. मुलांना मात्र लोलकातून सूर्याकडे पाहू देऊ नये.

याच हर्शेल यांनी त्याआधी अकरा वर्षे, २८ ऑगस्ट १७८९ रोजी, आपल्या चाळीस फुटी दुर्बिणीतून शनीचा एक बारीकसा चंद्र शोधला होता. त्याला पुढे एन्सेलॅडस हे नाव मिळाले. हर्शेल यांना तो प्रकाशाचा एक ठिपका दिसला, त्यापलीकडे काही नाही. अवरक्त किरण आणि हा चंद्र, दोन्ही शोध एकाच माणसाचे. पण दोहोंची गाठ पडायला २००५ साल उजाडावे लागले.

इतका उशीर का, असे कुणी विचारील. पहिली अडचण आपल्या हवेचीच. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की रात्री थंडीचा कडाका पडतो, आणि ढग आले की ऊब राहते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. द्राक्षबागाईतदार अशा निरभ्र रात्रींना किती भितात! जमिनीतून निघणारे अवरक्त किरण ढग आणि हवेतली वाफ अडवून धरतात, हे त्याचे कारण. जी वाफ जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही, तीच आकाशातून येणारे हे किरण खाली येऊ देत नाही. दुसरी अडचण अंतराची. इतक्या दुरून एवढ्याशा चंद्राचा कोणता भाग उबदार आणि कोणता गार हे कसे कळावे? तेव्हा उपकरण घेऊन तिथवर जाणे भाग होते.

आणि तिसरी अडचण म्हणजे उपकरण स्वतःच. कंदिलाच्या उजेडात बसून खिडकीबाहेरच्या काळोखात पाहू लागलो तर काय दिसते? काही नाही. उपकरण उबदार असले की त्याचे स्वतःचेच किरण त्याच्या डोळ्यांत भरतात. म्हणून ते थंड ठेवावे लागते. अवकाशात एक सोय मात्र फुकट मिळते. एक पत्रा काळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवला की त्यातली उष्णता आपोआप निघून जाते, जशी निरभ्र रात्री पत्र्याच्या छपरातून जाते आणि सकाळी त्यावर दव दिसते. बर्फ नको, यंत्र नको.

कॅसिनी नावाचे अवकाशयान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले आणि २००४ च्या जुलैत शनीभोवती फिरू लागले. त्यावर अवरक्त किरणांची दोन उपकरणे होती. त्यांतले एक उष्णता मोजणारे, अमेरिकेच्या गोडार्ड अवकाश केंद्रात जुळवलेले. वजन सुमारे ३९ किलो, म्हणजे जुन्या हिशेबाने एक मणभर. त्याचा आरसा वीस इंच व्यासाचा. आरशाने गोळा केलेले किरण दोन वाटांनी पाठवायचे, त्यांतल्या एका वाटेवरचा आरसा हळूहळू सरकवायचा आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे. तळ्यात दोन दगड टाकले की लहरी कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे एकमेकींना मारतात. तसेच इथे होते, आणि त्या चढउतारांवरून कोणत्या लांबीच्या लहरी किती आहेत हे गणिताने काढता येते. सात मायक्रॉनांपासून हजार मायक्रॉनांपर्यंतचा पल्ला त्याच्या आवाक्यात होता. सबंध उपकरण शून्याखाली १०० अंशांच्या आसपास ठेवलेले, आणि त्यातले सर्वांत नाजूक ग्राहक शून्याखाली १९० च्याही पलीकडे. मधूनमधून त्याचे तोंड रिकाम्या काळ्या आकाशाकडे करायचे, म्हणजे शून्य कुठे धरायचे ते कळे.

आपण छायाचित्र घेतो तसे एका झटक्यात चित्र त्याला घेता येत नसे. आखूड लहरींसाठी दहा दहा ग्राहकांच्या दोनच ओळी होत्या. पण तिफणीने तरी एका वेळी किती ओळी पेरल्या जातात? तीनच. फेऱ्या मारीत गेले की सबंध शेत पेरून होते. तसेच यानाची नजर चंद्रावरून पट्ट्यापट्ट्याने फिरवीत चित्र पुरे करायचे.

एन्सेलॅडसकडे वळण्यापूर्वी गुरूच्या एका चंद्राचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण चंद्रांच्या पोटात आग असू शकते हे प्रथम तिथे कळले. त्याचे नाव आयो. मार्च १९७९ च्या आरंभी पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की गुरूच्या ओढीने आयो सारखा दाबला-ताणला जात असला पाहिजे, आणि त्याचे पोट वितळले असण्याचा संभव आहे. तार वाकवून वाकवून तोडताना ती वाकल्या जागी तापते ना, तोच प्रकार. पाच मार्चला व्हॉयेजर यान आयोजवळून गेले. तीन दिवसांनी लिंडा मोराबिटो या तरुण अभियंता यानाची दिशा ठरवण्यासाठी घेतलेले एक चित्र तपासत होत्या. त्यात आयोच्या कडेवर छत्रीसारखा एक ढग दिसला. दुसरा एखादा चंद्र मागून डोकावतो आहे काय, चित्रातच दोष आहे काय, अशा शंका आल्याच. त्याच यानावरच्या अवरक्त उपकरणाने मात्र आयोवरची एक जागा आसपासच्या जमिनीपेक्षा सुमारे दीडशे अंशांनी अधिक उष्ण असल्याचे दाखवले, आणि मग ज्वालामुखीबद्दल वाद उरला नाही. आज आयोवर चारशेच्यावर ज्वालामुखी ठाऊक आहेत. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावरील इटलीच्या अवरक्त उपकरणाने २७ डिसेंबर २०२४ रोजी तिथे एक लाख चौरस किलोमीटर विस्ताराची तप्त जागा टिपली. गंमत अशी की ते उपकरण मुळात गुरूवरचा ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी बनवलेले होते!

आयो धगधगता, मोठा, ढळढळीत. एन्सेलॅडसचे तसे नाही. त्याचा व्यास अवघा ५०४ किलोमीटर. मुंबईपासून सरळ रेषेत नांदेड ओलांडले की तेवढे अंतर भरते. अंगावर शुभ्र बर्फ. इतका शुभ्र की येणारे ऊन तो जवळजवळ सगळे परतवून लावतो, आणि तिथे ऊनही आपल्या नव्वदाव्या हिश्श्याइतकेच. एवढीशी वस्तू केव्हाच थिजून गेली असणार, हाच साधा तर्क. पण २००५ च्या आरंभी यानावरच्या चुंबकमापकाला काहीतरी खटकले. शनीचे चुंबकीय क्षेत्र या चंद्रापाशी वाकत होते, जणू त्याच्याभोवती वाफेचा थर असावा. त्या गटाने आग्रह धरला आणि पुढची भेट हजार किलोमीटरांऐवजी खूप जवळून घ्यायचे ठरले. १४ जुलै २००५ रोजी कॅसिनी एन्सेलॅडसपासून केवळ १७३ किलोमीटरांवरून गेले.

उष्णतामापक उपकरणाने त्या दिवशी जे नोंदले ते पाहा. विषुववृत्तावर, दुपारच्या उन्हात, शून्याखाली १९३ अंश. हे अपेक्षेप्रमाणेच. ध्रुवावर ऊन तिरपे पडते, तेव्हा तिथे याहून गार हवे. दक्षिण ध्रुवावर सरासरी निघाली शून्याखाली १८८! आणि काही जागी शून्याखाली १६३ च्याही वर. आपण म्हणाल, यात ऊब ती कसली? पण तुलना कशाशी करायची हे महत्त्वाचे. आपल्याकडे थंडीत कास्मीरपेक्षा कोकण उबदार असले तर कुणी आश्चर्य करणार नाही. काश्मीर कोकणापेक्षा उबदार निघाले तर मात्र जमिनीखाली काय पेटले आहे ते पाहावे लागेल.

आता ही ऊब उन्हाचीच साठलेली नसेल कशावरून? नदीकाठची वाळू दिवसा पाय भाजवते आणि दिवस मावळला की झटकन गार होते. शेजारचा कातळ मात्र मध्यरात्रीपर्यंत ऊब धरून असतो. आपल्या चंद्राभोवती २००९ पासून फिरणाऱ्या एका अमेरिकन यानावरचे अवरक्त उपकरण याच युक्तीने तिथे धूळ कुठे आणि खडक कुठे ते ओळखते. मग एन्सेलॅडसच्या ध्रुवावर नुसता घट्ट बर्फ उन्हाची ऊब धरून बसला असेल, असे का म्हणू नये? याचे उत्तर त्या ऊबेच्या जागांनी दिले. छायाचित्रांत दक्षिण ध्रुवावर चार लांब समांतर भेगा दिसत होत्या, प्रत्येक सुमारे १३० किलोमीटर लांब. वाघाचे पट्टे हे त्यांचे टोपणनाव. अरबी सुरस कथांतली नगरे घेऊन त्यांना अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस अशी नावे दिली आहेत. ऊब नेमकी या पट्ट्यांवर होती. ऊन काही भेगा हुडकून हुडकून पडत नाही.

आणखी एक बारकावा आहे. उपकरणाच्या एका ठिपक्यात कित्येक किलोमीटरांचा प्रदेश मावतो. सुपभर राखेत चार निखारे असले तर सबंध सुपाची सरासरी कोमटच भरणार. मात्र आखूड लहरी निखाऱ्यांतूनच येतात, राखेतून येत नाहीत. आखूड आणि लांब लहरी ताडून पाहिल्या की निखारे किती आणि किती तापलेले हे कळते. मार्च २००८ च्या भेटीत असे करता भेगांत किमान शून्याखाली ९३ अंश तापमान भरले. त्याआधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, याच भेगांतून बर्फाचे कण आणि वाफ यांचे फवारे अवकाशात उडताना छायाचित्रांत स्पष्ट दिसले होते. पुढे त्या फवाऱ्यांत मीठ सापडले, आणि २०१५ मध्ये चंद्राच्या डुलण्यावरून सिद्ध झाले की बर्फाच्या कवचाखाली चहूकडे पाण्याचा समुद्र आहे.

समुद्र आहे म्हटल्यावर लगेच प्रश्न येतो तो जीवांचा. पण जीव रुजायला नुसते पाणी पुरत नाही, ते फार काळ पाणी राहिले पाहिजे. समुद्र आज आहे आणि काही लाख वर्षांनी गोठून जाणार असेल, किंवा अलीकडेच वितळला असेल, तर तिथे काही रुजायला सवड कुठली? तेव्हा खरा प्रश्न जमाखर्चाचा झाला. शनीच्या ओढाताणीने एन्सेलॅडसला मिळणारी उष्णता किती, आणि तो गमावतो किती? खर्च जमेपेक्षा जास्त असेल तर समुद्राचे दिवस भरत आले म्हणायचे.

खर्चाची बाजू अवरक्त उपकरणानेच लिहायची. २०११ मध्ये कार्ली हॉवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भागाचा आकडा काढला: १५,८०० मेगावॅट. आपल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे एवढ्याशा चंद्राच्या एका टोकातून आठ कोयना रात्रंदिवस वाहून जात आहेत! इतकी जमा कुठून होते, याचा मेळ तेव्हाच्या गणिताने बसेना.

बाकीच्या पृष्ठभागाचे काय, हा हिशेब बरीच वर्षे तसाच पडून होता. कारण तिथून उष्णता फार मंदपणे झिरपते आणि उन्हाच्या हेलकाव्यात हरवून जाते. उत्तर ध्रुव मात्र सोयीचा. शनीचे वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचे, त्यामुळे तिथला ध्रुवीय हिवाळा वर्षानुवर्षे चालतो. ऊन नाहीच, मग उरलेली ऊब पोटातली. शास्त्रज्ञांनी २००५ च्या हिवाळ्यातील आणि २०१५ च्या उन्हाळ्यातील मोजमापे शेजारी ठेवली. हिवाळ्यातला उत्तर ध्रुव अंदाजापेक्षा सुमारे सात अंशांनी उबदार निघाला. त्यावरून साऱ्या गोलाचा हिशेब केला तर कवचातून सावकाश झिरपणारी उष्णता ३५,००० मेगावॅट भरते, आणि दक्षिणेच्या भेगांतून जाणारी मिळवली की बेरीज ५४,००० च्या घरात जाते. ओढाताणीतून मिळणारी जमा, नव्या गणिताप्रमाणे, ५०,००० ते ५५,००० मेगावॅट. तोंडमिळवणी झाली! हा निष्कर्ष नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजणारे कॅसिनी तर १५ सप्टेंबर २०१७ रोजीच शनीत बुडवले होते. इंधन संपत आलेले यान पृथ्वीवरचे जंतू घेऊन उद्या या चंद्रावर आदळू नये, म्हणून मुद्दाम बुडवले. यान गेले, वह्या राहिल्या. आणि वहीतल्या दहा-वीस वर्षांपूर्वीच्या नोंदींतून हे निघाले.

जमाखर्च आज जुळला म्हणजे तो नेहमीच जुळत होता, असे मात्र नव्हे. समुद्र दीर्घकाळ टिकलेला असणे शक्य आहे, इतके म्हणता येते. आणि माझ्या मते हेही थोडे नाही.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर घोटाळा होईल. अवरक्त उपकरणे सगळी उष्णताच मोजतात असे नाही. उन्हातही अवरक्त किरण असतात. ते जमिनीवरून परतताना निरनिराळे खनिज आणि पाणी त्यांतल्या ठरावीक लहरी गिळून टाकतात, आणि कोणत्या लहरी गहाळ आहेत त्यावरून जमीन कशाची आहे ते कळते. आपल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकन उपकरणाने तीन मायक्रॉनांच्या आसपास अशीच तूट पाहिली, आणि २००९ मध्ये चंद्राच्या मातीत पाण्याचा अंश असल्याचे जाहीर झाले. चांद्रयान-२ वर अहमदाबादच्या केंद्रात बनवलेले याच जातीचे उपकरण आहे. कॅसिनीवरच्या दुसऱ्या अवरक्त उपकरणाने तर शनीच्या टायटन या चंद्राच्या दाट धुक्यातून, जिथून साधा प्रकाश जात नाही अशा जागी, पाच मायक्रॉनांच्या लहरींनी वाट काढली, आणि ८ जुलै २००९ रोजी एका सरोवरावर चमकणारे ऊन टिपले. ते सरोवर पाण्याचे नव्हे हो, द्रवरूप मिथेन-इथेनचे!

आता पाळी आहे गुरूच्या युरोपा या चंद्राची. त्याच्याही बर्फाखाली समुद्र असावा, पण एन्सेलॅडससारखे ठळक फवारे तिथे नाहीत. युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले असून एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचावयाचे आहे. त्याने युरोपाच्या जवळून ४९ फेऱ्या माराव्यात अशी योजना आहे. त्यावरचा उष्णतेचा कॅमेरा ॲरिझोना राज्य विद्यापीठाने बनवला आहे. बर्फ कुठे पातळ आहे, अलीकडे कुठे फुटला आहे, हे तो ऊबेवरून हुडकणार. नवा तराजू घेतला की व्यापारी ठाऊक असलेले वजन टाकून तो आधी पारखून घेतो. या कॅमेऱ्याचेही तसेच केले. २०२५ च्या मार्चच्या आरंभी यान मंगळाजवळून जाणार होते, आणि मंगळाचे तापमान तर अनेक यानांनी मोजून ठेवलेले. १ मार्चला कॅमेऱ्याने दर सेकंदाला एक याप्रमाणे अठरा मिनिटे मंगळाची हजारावर चित्रे घेतली, आणि ती जुन्या आकड्यांशी ताडून पाहण्याचे काम हाती घेण्यात आले.